कॅमरीचं २.४ लिटर पेट्रोल इंजिन: ऑईल ‘थोडं’ लागतं म्हणजे नेमकं किती?

प्रश्न असा आहे: २००८ ची टोयोटा कॅमरी, २.४ लिटर पेट्रोल, १,६०,००० किलोमीटर झालेली. बॉडी, गिअरबॉक्स, सस्पेन्शन ठीक आहे. मालक म्हणतो, ‘‘ऑईल थोडं लागतं, बाकी इंजिन एक नंबर.’’ गाडी घ्यावी का, इंजिन अजून किती चालेल आणि घेतलीच तर काय सांभाळावं?

घ्यावी की नाही, हे त्या ‘थोडं’ या शब्दावर अडलेलं आहे. दुसऱ्या एखाद्या इंजिनाबद्दल मालक असं बोलला असता तर मी फार मनावर घेतलं नसतं. या इंजिनात, आणि त्यातही या सालच्या गाडीत, किती किलोमीटरला किती ऑईल लागतं ते कळल्याशिवाय व्यवहाराचं बोलू नका. का, ते सांगतो.

आधी इंजिनाची ओळख. नाव २एझेड-एफई. एका ओळीत चार सिलिंडर, बोअर (सिलिंडरचा व्यास) ८८.५ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ९६ मिलिमीटर, एकूण २३६२ सीसी. स्ट्रोक बोअरपेक्षा मोठा असल्यामुळे खालच्या आरपीएमला गाडी चांगली ओढते. कॅमरीत ते ६००० आरपीएमला साधारण १५८ हॉर्सपॉवर आणि ४००० ला २१८ न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क देतं. देशागणिक आकडे थोडे मागेपुढे होतात. कॉम्प्रेशन रेशो आधी ९.६ होता, पुढे ९.८ झाला. आजच्या मानानं हे मवाळच, त्यामुळे ९१ ऑक्टेनचं साधं पेट्रोल त्याला पुरतं. महाग हाय-ऑक्टेन घालून पैसे जातात, पिकअप काही वाढत नाही.

ब्लॉक ॲल्युमिनियमचा, आत ओतीव लोखंडाचे पातळ लायनर, म्हणजे पिस्टन ज्यांत वर-खाली होतो त्या नळ्या. वर दोन कॅमशाफ्ट, सोळा व्हॉल्व्ह, इनटेकच्या बाजूला व्हीव्हीटी-आय, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ मागेपुढे करणारी यंत्रणा. टायमिंगला बेल्ट नाही, चेन आहे. खाली संपमध्ये, म्हणजे ऑईलच्या भांड्यात, दोन बॅलन्स शाफ्ट फिरतात. चार सिलिंडरच्या मोठ्या इंजिनाची थरथर त्यांच्यामुळे स्टिअरिंगपर्यंत येत नाही. टॅपेट, म्हणजे कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामधले दुवे, हायड्रॉलिक नाहीत, साध्या वाट्या आहेत आणि त्यांना शिमही (गॅप जुळवायची चकती) नाही. गॅप बिघडलाच तर कॅम काढून वेगळ्या जाडीची वाटी घालावी लागते, पण ती वेळ क्वचितच येते. थंड असताना आणि गरम झाल्यावरही वरून टकटक येत असेल तरच त्या भानगडीत पडा.

यातलं बहुतेक सगळं दणकट आहे. क्रँक, कनेक्टिंग रॉड, चेन, हेड, इंजेक्शन यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. २एझेड-एफईची मोठी दुखणी दोनच, आणि गंमत अशी की ती सालाप्रमाणे वाटली गेली आहेत. सुरुवातीच्या गाड्यांत, म्हणजे २००२ ते २००६ च्या सुमारास, हेड बोल्टचे आटे. नंतरच्या गाड्यांत, कॅमरीपुरतं बोलायचं तर २००७ ते २००९ मध्ये, ऑईल खाणं. तुमची गाडी २००८ ची, म्हणजे दुसऱ्या घरातली.

ऑईल जातं कुठे? पिस्टनवर तीन रिंगा असतात. वरच्या दोन कॉम्प्रेशन धरतात. तिसरी, सगळ्यात खालची, ऑईल रिंग. लायनरच्या भिंतीवरचं जास्तीचं ऑईल खरवडून ती आपल्या खाचेत घेते आणि खाचेतल्या बारीक भोकांतून ते पिस्टनच्या आतून परत संपमध्ये पडतं. या सालच्या पिस्टनमध्ये ती वाट पुरेशी मोकळी नव्हती. त्यात ऑईल उशिरा बदललं गेलं की जळकं ऑईल भोकांत साचतं, घट्ट होतं, भोकं बुजतात. असा पिस्टन बाहेर काढला की सगळं उघड दिसतं: वरच्या दोन रिंगा बोटानं फिरतात, आणि ऑईल रिंग मात्र खाचेत चिकटून बसलेली, दाबली तर उसळत नाही. खाचेतलं काळं खापर सुईनं टोकरलं की मग कुठे भोक होतं ते कळतं. परत जायची वाट बंद झाल्यावर ऑईल वरच जाणार आणि पेट्रोलबरोबर जळणार.

हे काही गॅरेजमधल्या गप्पांतलं निदान नाही. टोयोटानंच अमेरिकेत २०११ मध्ये डीलरांसाठी याबद्दल तांत्रिक पत्रक काढलं आणि पुढे या दुखण्यापुरती वॉरंटीही वाढवून दिली. पत्रकातली कसोटी होती १२०० मैलांना एक क्वार्ट, म्हणजे साधारण १९०० किलोमीटरला जवळपास एक लिटर. त्याहून जास्त ऑईल जात असेल तर नव्या घडणीचे पिस्टन आणि रिंगा घालायच्या.

आता हा आकडा संपच्या मापाशी ताडून पाहा. या इंजिनात फिल्टरसकट ४.३ लिटर ऑईल मावतं. १९०० किलोमीटरला एक लिटर जात असेल तर ८००० किलोमीटरला सव्वाचार लिटर गेलं, म्हणजे संप कोरडा. सर्व्हिसची तारीख काटेकोर पाळणारा, पण मध्ये एकदाही डिपस्टिक (ऑईलची पातळी पाहायची पट्टी) न पाहणारा मालक असाच इंजिन घालवतो. ऑईल जळतं म्हणून २एझेड-एफई मरत नाही. ऑईल कमी झालेलं कुणी पाहिलं नाही, म्हणून मरतं.

डॅशबोर्डवरच्या लाल ऑईल दिव्यावर भिस्त ठेवू नका. तो दिवा पातळी दाखवत नाही, प्रेशर दाखवतो. पातळी खाली गेली की आधी वळणावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावर ऑईल एका बाजूला जातं, पंपाच्या तोंडात हवा शिरते आणि दिवा क्षणभर लुकलुकतो. तो लुकलुकला त्याच्या आधीच बेअरिंगांनी कोरडं फिरायला सुरुवात केलेली असते. चेन ताणून धरणारा टेन्शनर आणि व्हीव्हीटीही ऑईलच्या प्रेशरवरच चालतात, त्यामुळे सकाळी पहिल्या स्टार्टला चेनची खडखड ऐकू आली तर चेन बदलायची घाई करण्याआधी बॉनेट उघडून डिपस्टिक काढा.

गाडी घेण्याआधी मालक तुम्हाला दोन हजार किलोमीटर फिरवायला देणार नाही, तेव्हा तासाभरात जे तपासता येतं ते तपासा. गाडी थंड असताना जा आणि ‘मी येईपर्यंत स्टार्ट करू नका’ असं आधीच सांगून ठेवा. पहिली डिपस्टिक. दोन्ही बाजूंनी वाचा. एका बाजूला ऑईल वर चढलेलं दिसतं, त्यातली खालची पातळी खरी. ऑईल मधासारखं स्वच्छ आणि पातळी अगदी वरच्या खुणेवर असेल तर खूश होऊ नका, ते कालच भरलेलं असू शकतं. फिलर कॅप काढून टॉर्चनं आत बघा. हलका तपकिरी रंग चालतो. काळा, जाड थर असेल तर ऑईल बदलण्यात वर्षानुवर्षं हयगय झालेली आहे आणि त्याच घाणीनं रिंगा खाचेत चिकटवल्या असणार.

धुरावरून मात्र निष्कर्ष काढू नका. इंजिन ऑईल खातंय पण मागून निळा धूर नाही, हे या इंजिनात सर्रास दिसतं, कारण ऑईल थोडं थोडं सतत जातं आणि उरलंसुरलं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या लाईनमधला, धूर स्वच्छ करणारा डबा) जाळून टाकतो. तरी पाच मिनिटं आयडलवर ठेवून मग एकदा रेस करा. निळा झोत आला तर शंकेला जागाच उरली नाही. रात्रभर उभ्या गाडीला पहिल्या स्टार्टलाच एक झुळूक येऊन थांबत असेल तर संशय व्हॉल्व्ह सीलवर (व्हॉल्व्हच्या दांड्यावरून ऑईल खाली येऊ न देणारं सील) जातो, रिंगांवर नाही.

मग चारही प्लग काढायला लावा. मालक कां-कूं करेल, पण आग्रह धरा. ऑईल जळणाऱ्या सिलिंडरचा प्लग राखेच्या पांढुरक्या-करड्या खडबडीत थरानं माखलेला असतो. प्लगच्या भोकातून बोअरस्कोपचा कॅमेरा सोडता आला तर उत्तम. पिस्टनचा माथा कडेनं धुतल्यासारखा चमकत असेल तर तिथून ऑईल वर येतंय. आणि इथेच पुष्कळ जण फसतात: कॉम्प्रेशन टेस्ट करतात, चारही सिलिंडरला १३-१४ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाब येतो आणि ‘इंजिन फिट आहे’ असं सांगून मोकळे होतात. कॉम्प्रेशन वरच्या दोन रिंगा धरतात. ऑईल रिंग पूर्ण चिकटून बसलेली असली तरी गेजवर आकडा छान येतो. कॉम्प्रेशन टेस्ट करायचीच, दहा किलोच्या खाली असेल किंवा चारांत एक किलोहून जास्त तफावत असेल तर ते दुसरं दुखणं समजेल. पण ऑईलबद्दल ती काहीच सांगत नाही.

स्कॅनर लावा. पी०४२० हा कोड असेल तर कन्व्हर्टर दमलाय, आणि या इंजिनात त्याचं कारण बहुतेक वेळा जळलेलं ऑईलच. कोड एकही नाही, पण आतल्या चाचण्या ‘अपूर्ण’ दिसतायत, असं असेल तर तुम्ही यायच्या आधी कुणीतरी कोड पुसलेत किंवा बॅटरी काढलीय. सरळ विचारा.

गाडी घेतली, किंवा मालक मित्रच असल्यामुळे मोजायला वेळ मिळाला, तर मोजणी अशी करा. ऑईल आणि फिल्टर बदला, सपाट जागेवर गाडी उभी करून इंजिन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटं थांबा, वरच्या खुणेपर्यंत भरा, किलोमीटर लिहून ठेवा. दर ५०० किलोमीटरला त्याच जागी, तशीच तपासणी. कमी झालं तेवढं मापाच्या बाटलीतून टाका आणि मिलिलिटर लिहा. दोन हजार किलोमीटरला बेरीज करा. पाच हजार किलोमीटरला एक लिटर किंवा त्याहून कमी लागत असेल तर या वयाच्या इंजिनाला ते माफ आहे. दोन ते पाच हजारांत एक लिटर: डिकीत ऑईलची बाटली ठेवा, दर दुसऱ्या टाकीला डिपस्टिक पाहा, गाडी बिनधास्त चालवा, किंमत मात्र पाडून घ्या. दोन हजारांच्या आत एक लिटर जात असेल तर तुम्ही गाडी घेत नाही आहात, पिस्टनचं काम घेत आहात. त्या कामाचा पूर्ण खर्च किमतीतून वजा होत असेल तर घ्या, नाहीतर सोडा.

आता उपायांबद्दल, कारण यात लोकांचे पैसे फार वाया जातात. सगळ्यात आधी पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे क्रँककेसमधली वाफ बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह, बदला. छोटा पार्ट आहे; तुंबला की क्रँककेसमधला दाब वाढतो आणि ऑईल जास्त जळतं. त्यानं बसलेली रिंग सुटणार नाही, पण मोजणीतला एक घोळ कमी होतो. दुसरं, ऑईल दर ५००० किलोमीटरला बदला. पुस्तकात जास्त अंतर दिलं असलं तरी या इंजिनाला ते नको. ग्रेड ५डब्ल्यू-३० ठेवा. जाड ऑईल घालून खप थोडा कमी होतो, पण थंडीत ते व्हीव्हीटीपर्यंत आणि टेन्शनरपर्यंत उशिरा पोचतं. माझ्या मते हा सौदा तोट्याचा आहे.

प्लगच्या भोकातून रसायन ओतून रात्रभर पिस्टन भिजत ठेवायचे, हा प्रकार आता बराच चालतो. कधी फरक पडतो, कधी शून्य. करायचाच तर दोन गोष्टी डोक्यात ठेवा. दुसऱ्या दिवशी प्लग न बसवता, इंजेक्टरची लाईन बंद करून इंजिन आधी क्रँक करा, म्हणजे आत उरलेलं रसायन बाहेर उडेल. प्लग लावून स्टार्टर मारला आणि आत द्रव साठलेला असला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आणि ते संपमधलं ऑईल लगेच फेकून द्या, त्यावर एक किलोमीटरही चालवू नका.

काही गॅरेजवाले सुरुवातच व्हॉल्व्ह सील बदलण्यापासून करतात, कारण ते काम हेड न काढताही होतं. रिंगा चिकटून बसलेल्या असताना हे म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

खरा इलाज पिस्टनच. नुसत्या रिंगा नकोत. जुन्या पिस्टनची तीच अरुंद वाट पुन्हा बुजणार. सुधारित पिस्टन आणि त्यांच्या रिंगा असा जोडीनं सेट घ्या. इंजिन उघडलंच आहे तर लायनर अंडाकृती झालेत का ते डायल गेजनं मोजा, हलकं होनिंग (लायनरची भिंत घासणं) करून घ्या, व्हॉल्व्ह सील आता बदला, चेनच्या गाईडवरचे खड्डे पाहा. बॅलन्स शाफ्टचे गिअर रेझिनचे आहेत, आवाज कमी व्हावा म्हणून. त्यांचे दात डोळ्यांखालून घाला आणि बसवताना खुणा जुळवा, नाहीतर थरथर कमी होण्याऐवजी वाढेल. हेड बोल्ट टॉर्क देऊन वर अंशात फिरवायचे आहेत, त्यामुळे ताणले गेलेले बोल्ट परत वापरू नका.

बोल्टवरून दुसऱ्या दुखण्याकडे येतो, कारण तुम्ही याच किमतीत एखादी २००४-०५ ची गाडीही बघत असाल. जुन्या ब्लॉकमध्ये मागच्या बाजूचे, म्हणजे फायरवॉलकडचे हेड बोल्ट ज्या आट्यांत बसतात ते आटे तोकडे होते. ॲल्युमिनियममधले आटे वर्षानुवर्षांच्या तापण्या-थंड होण्यानं सैल पडतात, बोल्टचा दाब जातो, हेड मागून किंचित सुटतं आणि कूलंट पाझरू लागतं. पहिली खूण म्हणजे कूलंट कमी होतं आणि खाली डाग कुठेच नाही. गरम ब्लॉकवर ते वाळून जातं. इंजिनाच्या मागे आरसा आणि टॉर्च घालून हेड आणि ब्लॉकच्या सांध्यावर गुलाबी-पांढरी पपडी दिसते का ते पाहा. इथे नुसती हेड गॅस्केट बदलून भागत नाही. नवी गॅस्केट, त्याच मेलेल्या आट्यांत बोल्ट, आणि काही दिवसांत गाडी परत तापायला लागते. भोकं मोठी करून पोलादी आट्यांचे इन्सर्ट बसवावे लागतात, आणि ते दहाही भोकांना बसवलेले बरे. ड्रिल सरळ धरण्यासाठी जिग हवा. हातानं अंदाजानं भोक पाडणाऱ्याकडे हे काम देऊ नका. नीट झालेलं काम मूळ आट्यांपेक्षा मजबूत असतं, त्यामुळे इन्सर्ट घातल्याचं बिल दाखवणारी जुनी गाडी मला उलट जास्त पसंत पडते. नंतर कंपनीनं ब्लॉकमधले आटे लांब केले, म्हणून २००८ मध्ये याची धास्ती धरू नका.

बाकी देखभाल फार नाही. वॉटर पंप बाहेर आहे, फॅन बेल्टवर चालतो. पंपाखालच्या छोट्या भोकापाशी गुलाबी खपली दिसली की पंप बदला, आवाज यायची वाट पाहू नका. कूलंट टोयोटाचं गुलाबी असेल तर पहिला बदल १,६०,००० किलोमीटरला आणि पुढे दर ८०,००० ला असतो. म्हणजे तुमच्या गाडीचा पहिला बदल आत्ताच आलाय. प्लग इरिडियमचे, गॅप १.१ मिलिमीटर. अमेरिकेतल्या तक्त्यात ते १,९२,००० किलोमीटर चालवतात, पण ऑईल खाणाऱ्या इंजिनात लाखालाच काढून पाहा. एका सिलिंडरला मिसफायर येत असेल तर कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावून बघा. मिसफायर कॉइलबरोबर सरकला तर कॉइल बदला, उगीच चार कॉइलचा सेट घेऊ नका. पी००११ हा कोड आला तर व्हीव्हीटीचा कंट्रोल व्हॉल्व्ह आणि त्याच्या अलीकडची बारीक जाळी आधी साफ करा. थ्रॉटल बॉडी काजळली की आयडल डगमगतं. कापडानं पुसा, पण इग्निशन चालू असताना बोटानं फ्लॅप ढकलू नका, मोटरचे गिअर नाजूक आहेत.

चेन कव्हरच्या बाजूनं ऑईल गळताना दिसलं तर ‘पूर्ण कव्हर काढावं लागेल’ या वाक्यावर लगेच विश्वास ठेवू नका. टेन्शनर बाहेरून दोन नटांवर बसलेला आहे आणि त्याची ओ-रिंग कडक होऊन गळते. दोन नट सोडले की तो हातात येतो. ओ-रिंग बदला, प्लंजर आत दाबून त्याचा हूक अडकवा, मग बसवा. बसवल्यावर लगेच स्टार्ट करायचं नाही. क्रँक पुली पान्यानं आधी थोडी उलट फिरवायची, म्हणजे हूक सुटतो. मग सरळ फिरवून प्लंजर बाहेर आलाय याची खात्री करायची. हा टप्पा विसरला तर चेन ढिली राहते, स्टार्टला दात सुटतात आणि दोन नटांच्या कामाचं व्हॉल्व्ह वाकण्यापर्यंत जातं. मेकॅनिकला हे माहीत आहे का, ते काम सुरू होण्याआधी विचारा.

बजेट थोडं ताणता येत असेल तर याच कॅमरीत नंतर आलेलं २एआर-एफई पाहा: २४९४ सीसी, बोअर ९०, स्ट्रोक ९८, कॉम्प्रेशन १०.४, दोन्ही कॅमला व्हीव्हीटी, ऑईल ०डब्ल्यू-२०, साधारण ४.४ लिटर. अमेरिकेत ते २०१० च्या मॉडेलपासून आलं, बाकी ठिकाणी नंतर, त्यामुळे सालावर न जाता ब्लॉकवरचा नंबर वाचा. ओळखायची सोपी खूण फिल्टर: जुन्यात बाहेरून फिरवायचा डबा आहे, नव्यात झाकणाच्या आत कागदी काडतूस. त्यातही वॉटर पंप गळतो, आणि कधी थंड स्टार्टला कॅमच्या गिअरचा एक-दोन सेकंद खरखराट येतो, पण पिस्टनचं हे लफडं त्यात नाही. तुमच्या २००८ वाल्या मालकाला मात्र आज एकच विचारा: शेवटचं ऑईल किती किलोमीटरला बदललं आणि त्यानंतर वरून किती लिटर टाकलं. दोन्ही आकडे सांगता आले तर जाऊन प्लग काढा. नाही सांगता आले, तर प्लग आणि बोअरस्कोप दोन्ही झाल्याशिवाय बयाणा देऊ नका.